घोटीचे मुनीमजी

(एका हिशेबनिसाच्या सेवानिवृत्तीनिमित्त धर्मग्रामाच्या सभेत केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून उपदेश करणे हे माझे नित्याचेच काम होय. परंतु आज ज्या विषयावर मला चार शब्द बोलावयाचे आहेत, तो गुरुविद्यालयात मला कोणीही शिकविलेला नाही. तेथे तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, लॅटिन भाषेचीही थोडीफार ओळख झाली. पण जमा कोणत्या बाजूस लिहावी व नावे कोणत्या बाजूस, एवढे साधे ज्ञानदेखील बरोबर घेऊन मी बाहेर पडलो नाही. ते ज्ञान मला ज्यांनी दिले ते गृहस्थ आज सत्कारमूर्ती असूनही, नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत खांबाच्या आड जाऊन बसले आहेत. त्यांस पुढे येण्याची विनंती दोनदा करून झाली. तिसऱ्यांदा मी करीत नाही.

त्यांनी मला एक अट घातली आहे. हे भाषण आपल्या महोत्सवाच्या स्मरणिकेत छापावयाचे झाल्यास त्यात त्यांचे नाव येऊ नये, व ज्या भातगिरणीत त्यांनी सुमारे चाळीस वर्षे नोकरी केली तिचेही येऊ नये. ही अट मी मान्य केली आहे. घोटीच्या बाजारपेठेने त्यांस 'मुनीमजी' हे नाव कधीच देऊन टाकले आहे, व तेच मी वापरणार आहे. त्यांच्या घरची मंडळीही त्यांस याच नावाने हाक मारतात, असे ऐकतो. खरे-खोटे त्यांच्या सौभाग्यवतींस विचारावे.

घोटीचे नाव निघाले की नाशिक जिल्ह्यातील माणसास प्रथम तांदूळ आठवतो. मुंबई-आग्रा रस्त्याने इगतपुरी मागे टाकली की पावसाळ्यात दोन्ही अंगांस भाताची खाचरे लागतात, आणि दिवाळी सरली की त्याच रस्त्यावर गोण्यांनी भरलेली वाहने गिरण्यांच्या दारांत रांग धरून उभी राहतात. आपल्यापैकी अनेकांची घरे या गिरण्यांवर चालली आहेत. कोणी हमाल, कोणी यंत्र चालविणारे, कोणी शिलाई मारणारे. गिरणीचा आवाज सर्वांस ऐकू येतो. पण तिच्या एका कोपऱ्यात, गादीसमोर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी मांडून जो मनुष्य दिवसभर लिहीत असतो, त्याचा आवाज बाहेर येत नाही. त्याचे काम काय, हे आपण क्वचितच विचारतो.

मी ते विचारले, आणि मला जे समजले ते सांगतो. भात विकत घेताना जेवढे वजन भरते, तेवढे भरडताना भरत नाही. नवे भात ओलसर असते. ते सुकते, उंदीर-घुशी खातात, गोणीतून सांडते. भरडल्यावर तांदूळ निघतो, कणी निघते, कोंडा निघतो, तूस निघते. शासनासाठी भात भरडून द्यावयाचे असेल तर शंभर किलो भातास सदुसष्ट किलो तांदूळ असा उतारा धरण्याची रीत आहे. खाजगी व्यापारात तो भाताच्या जातीप्रमाणे व ओलीप्रमाणे कमीजास्त होतो. आता पाहा. आलेले भात आणि निघालेला माल यांच्यामध्ये जी तफावत राहते तिचे वहीतील नाव 'घट'. हा शब्द फार सोयीचा आहे. शेतकऱ्याचे वजन कमी लावले, ते घटीत बसते. चार गोण्या रात्री मागल्या दाराने गेल्या, त्याही घटीत बसतात. मालक रागावेल अशी चूक झाली, तर ती घटीत पुरून टाकता येते. घट खरी किती आणि लबाडीची किती, हे मालकासही पुरते कळत नाही. ते मुनिमास कळते, आणि देवास.

मुनीमजींनी घटीचे निराळे पान ठेवले होते. त्यात तारीख, गोणीचा ठाव, कारण आणि वजन. 'किरकोळ' या शब्दाची त्या पानास बंदी होती. पहिल्या दोन-तीन वर्षांत मालक यावर हसत असत, असे स्वतः मालकांनीच मला सांगितले. पुढे ते हसेनासे झाले. कारण घट निम्म्याहून कमी झाली. जिचे कारण लिहावे लागते ती घट आपोआप लाजते.

डोंगरपट्ट्यातून ठाकर व महादेव कोळी शेतकरी भात घेऊन येत. पूर्वीच्या पिढीत त्यांपैकी पुष्कळांस अक्षरओळख नव्हती. त्यांस पावती देताना मुनीमजी आकडा लिहीत, तोच अक्षरी लिहीत, आणि मग मोठ्याने वाचून दाखवीत. वाचताना मागे रांगेत उभे असलेले सर्वजण ऐकत. एका शेतकऱ्याचे वजन दहा जणांच्या कानांवर पडले म्हणजे ते पुढे बदलता येत नाही. यास कोणी धर्मकृत्य म्हणणार नाही. मी म्हणतो.

त्यांनी काम धरले तेव्हा लाल कापडी पुठ्ठ्याच्या चोपड्या होत्या. दिवाळीच्या पाडव्यास नवी वही उघडत, मालक पहिल्या पानावर 'श्री' लिहून पूजा करीत, आणि मुनीमजी बाजूस उभे राहून मनातल्या मनात क्रुसाची खूण करून मगच लेखणी उचलीत. दोघांनीही एकमेकांस त्याबद्दल कधी काही विचारले नाही. मला हे ऐकून एका फ्रान्सिस्कन संन्याशाची आठवण झाली. लुका पाचोली त्यांचे नाव. व्हेनिसचे व्यापारी ज्या दुहेरी नोंदीच्या पद्धतीने हिशेब ठेवीत, ती त्यांनी १४९४ साली आपल्या गणिताच्या मोठ्या ग्रंथात सविस्तर मांडली, आणि तो ग्रंथ छापला गेल्यामुळे ती जगभर गेली. आज बँकेपासून दुकानापर्यंत जो तो याच पद्धतीने लिहितो. या पाचोलींनी व्यापाऱ्यांस असे सुचविले आहे की, पहिल्या वहीवर प्रथम क्रुसाची खूण करावी. म्हणजे 'श्री' काय आणि क्रूस काय, हिशेबास बसण्यापूर्वी आपल्यावर कोणाची तरी नजर आहे याचे स्मरण व्हावे, अशी योजना घोटीतही होती आणि व्हेनिसमध्येही होती.

पुढे काळ बदलला. १९८९ पासून प्राप्तिकराच्या कायद्याने सर्वांस एप्रिल ते मार्च असे एकच वर्ष लावून दिले. तेव्हापासून दिवाळीची वही पूजेपुरती राहिली. विक्रीकर गेला, २००५ मध्ये मूल्यवर्धित कर आला; तोही जाऊन २०१७ च्या १ जुलैस वस्तू व सेवा कर आला. लेखणी गेली, संगणक आला. प्रत्येक वेळी मुनीमजी नाशिकला जाऊन पोरासोरांच्या शेजारी बसून नवे शिकून आले. या सर्वांचे वर्णन करीत बसत नाही. एकच प्रसंग सांगतो.

२०१६ च्या ८ नोव्हेंबरची रात्र आपणांपैकी कोणी विसरले नसेल. पाचशेच्या व हजाराच्या नोटा रद्द झाल्याचे रात्री आठ वाजता जाहीर झाले. भाताचा हंगाम नुकताच सुरू झालेला, गल्ल्यात रोकड भरपूर. मुनीमजी जेवत होते. ते ताटावरून उठले, मालकांस घेऊन गिरणीत गेले, गल्ल्यातील पाचशेच्या किती व हजाराच्या किती ते मोजले, आणि ती संख्या त्याच रात्रीच्या रोजकीर्दीत लिहून खाली मालकांची सही घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओळखीचे, बिनओळखीचे, सोयरेधायरे, जुन्या नोटांची पुडकी घेऊन येऊ लागले. तुमच्या गल्ल्यातून आमचेही खपवा, कसर घ्या, असे म्हणू लागले. मालकांस मोह पडला नसेल असे मी म्हणत नाही. ते समोरच बसले आहेत, त्यांसच विचारावे. परंतु वही बंद झाली होती. तीत एकही नोट वाढवावयास जागा नव्हती. मालक मला म्हणाले, "फादर, त्या रात्री मुनीमजींनी गल्ल्याला कुलूप लावले नाही, मला लावले."

असो. आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी मुख्यतः उभा राहिलो, तिच्याकडे वळतो. ही माझ्या स्वतःच्या अपराधाची गोष्ट आहे. धर्मग्रामाच्या मंडळातील जुन्या सभासदांस ती ठाऊक आहे; इतरांस नाही. महोत्सवाच्या पुस्तकात धर्मगुरूंनी काय काय बांधले याच्या याद्या येतात. धर्मगुरू कोठे घसरला, हेही एका पानावर असू द्यावे.

धर्मग्रामाचा जमाखर्च मुनीमजी विनावेतन लिहितात, हे आपण जाणता. काही वर्षांपूर्वी ख्रिस्तमंदिराच्या छताचे पत्रे बदलण्यासाठी आपण वर्गणी केली होती. उन्हाळा होता. अशात एका संध्याकाळी एक मनुष्य आपल्या आजारी लेकरास घेऊन माझ्या दारी आला. नाशिकच्या रुग्णालयात त्यास लगेच दाखल करावयाचे होते, आणि हाती पैसा नव्हता. माझ्या कपाटात पत्र्यांचे पैसे होते. मी त्यांतून अठरा हजार रुपये काढून दिले. लेकरू वाचले. त्याबद्दल मला त्या रात्रीही पश्चात्ताप नव्हता व आजही नाही.

अपराध पुढे झाला. महिनाअखेर मुनीमजी वही घेऊन आले, तेव्हा मी त्यांस म्हणालो, "हे अठरा हजार किरकोळ दुरुस्तीत दाखवा." मला वाटले, गरिबाचे नाव उगीच चारचौघांत कशास? परंतु ते अर्धसत्य होते. पूर्ण सत्य असे की, मंडळास न विचारता मी पैसे दिले होते, आणि त्याबद्दल कोणी मला प्रश्न विचारू नये अशी माझी इच्छा होती.

मुनीमजींनी लेखणीस टोपण घातले. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, आपण केले ते चांगले केले. पण ते छताने केलेले नाही."

मी रागावलो. त्यांस म्हणालो, की धर्मग्रामाचा प्रमुख मी आहे. ते म्हणाले, "होय फादर, म्हणूनच आपले नाव लिहितो." आणि त्यांनी माझ्यासमोर नोंद केली: फादर यांजकडे उसने, रुपये १८,०००.

त्या रात्री मी त्यांस मनातल्या मनात परूशी म्हटले. नियमास कवटाळून बसणारा, दयेस न ओळखणारा, वगैरे वगैरे. शुभवर्तमानातील सारे उतारे मला त्यांच्याविरुद्ध आठवले. आपल्या सोयीचे उतारे आठवण्यात आम्हां धर्मगुरूंचा हात कोणी धरणार नाही. जो उतारा नव्हे पण नियम आठवावयास हवा होता, तो आठवला नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेत १२६७ वा नियम आहे. श्रद्धावंतांनी विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे, असा त्याचा आशय आहे. हा नियम मी गुरुविद्यालयात शिकलो होतो. परीक्षेत त्यावर लिहिलेही असेन. मुनीमजींनी तो कधी वाचला नव्हता, आणि पाळला होता.

वर्षाचा हिशेब मंडळासमोर वाचला गेला. मुनीमजींचा आवाज आपणांस ठाऊक आहे. चढत नाही, उतरत नाही. "फादर यांजकडे येणे, अठरा हजार." सर्व माना माझ्याकडे वळल्या. मग मला उभे राहून सांगावेच लागले, की असे असे झाले. मी खाली बसलो तेव्हा कान तापले होते. पण सभा संपल्यावर एक विलक्षण प्रकार घडला. तीन जण मजजवळ आले आणि विचारू लागले, ते लेकरू आता कसे आहे, औषधाचा खर्च अजून चालू आहे काय. एकाने तेथेच खिशातून पैसे काढले. ते पैसे घेऊन मी मुनीमजींकडे गेलो, तर त्यांनी वहीत नवे पान उघडले आणि वर लिहिले: रुग्णसाहाय्य.

ते खाते आजही चालू आहे. त्यातून कितीजणांस मदत झाली ते मी सांगत नाही, कारण ते ऐकणारांत बसले आहेत. परंतु विचार करा. त्या दिवशी माझे म्हणणे चालले असते, तर ते लेकरू 'किरकोळ दुरुस्ती'मध्ये कायमचे गाडले गेले असते. ते आजारी होते हे कोणास कळले नसते, म्हणून कोणी पुढेही आले नसते.

आणि माझे अठरा हजार? मला भाबडी आशा होती, की रुग्णसाहाय्याच्या खात्यातून ते वळते होतील. मुनीमजींनी त्यासही नकार दिला. ते दान पुढच्या रुग्णांसाठी आले आहे, मागच्या उसनवारीसाठी नव्हे. मी दरमहा पाचशे रुपये भरीत गेलो. छत्तीस महिने लागले. प्रत्येक वेळी पावती मिळाली. दरम्यान पत्रे अपुरे पडले होते, आणि आपल्याकडचा पाऊस कसा असतो ते सांगावयास नको. त्या पावसाळ्यात वेदीच्या उजव्या अंगास एक बादली मिस्सा संपेपर्यंत टपटपत असे. तो आवाज मी फार लक्षपूर्वक ऐकला आहे.

संत मत्तय हे हिशेबनिसांचे आश्रयदाते संत होत. २१ सप्टेंबरला आपण त्यांचा सण पाळतो. ते जकातीच्या नाक्यावर बसत असत, तेथून प्रभूने त्यांस बोलाविले. मला फार दिवसांपासून एक कोडे होते. बारा शिष्यांमध्ये आकडेमोडीत मुरलेला हा मनुष्य असताना पैशाची थैली मात्र यूदासाकडे होती, असे संत योहान सांगतात. असे कां? मी एकदा सहज मुनीमजींस विचारले. ते म्हणाले, "मत्तयाला प्रभूने मोकळे केले, ते ठीकच. पण यूदासाकडे कोणी वही मागितल्याचे कोठे लिहिलेले नाही." यावर काय भाष्य करावे, ते मला अद्याप सुचलेले नाही.

त्याच संत मत्तयांच्या शुभवर्तमानात निर्दय चाकराचा दाखला आहे. राजाने त्याचे दहा हजार तालांतांचे कर्ज सोडले, आणि त्याने सोबत्याचे शंभर दिनार सोडले नाहीत. तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे एका बाजूस सहा कोटी दिवसांची मजुरी, दुसऱ्या बाजूस शंभर दिवसांची. हे गणित मुनीमजींनी मला एका पावतीच्या पाठीवर करून दाखविले. मी पंचवीस वर्षे या दाखल्यावर प्रवचन केले, पण आकडे मांडून कधी पाहिले नव्हते. आणि एक गोष्ट मांडल्यावरच दिसली: राजाने क्षमा केली ती हिशेब घेतल्यानंतर. आधी वही उघडली, आकडा वाचला, मग सोडला. न वाचता सोडला असता तर चाकरास कळलेही नसते की त्याचे काय सुटले. पापनिवेदनास बसताना मी आता हे स्मरतो.

गेल्या महिन्यात मुनीमजींनी गिरणीची किल्ली खाली ठेवली. त्यांच्या जागी नाशिकच्या महाविद्यालयात वाणिज्य शिकलेली एक मुलगी आली आहे. तिला त्यांनी पहिला धडा दिला तो असा, की चुकलेला आकडा खोडावयाचा तर एकच आडवी रेघ मारावी, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा व सही. ती म्हणाली, संगणकात रेघ मारता येत नाही. मुनीमजी म्हणाले, मग काय बदलले त्याची नोंद राहते काय ते पाहा. कंपन्यांच्या बाबतीत २०२३ च्या एप्रिलपासून कायद्यानेच असे बंधन घातले आहे, की हिशेबात केलेला प्रत्येक बदल संगणकात टिपलेला राहिला पाहिजे व ती नोंद बंद करता येऊ नये. एका आडव्या रेघेचे काम करण्यासाठी केवढा खटाटोप!

निवृत्तीच्या वेळी त्यांच्या उपदानाचा प्रश्न निघाला. दर वर्षास पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे दिवस सव्वीस धरून, आणि शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून अधिक भरले तर पूर्ण वर्ष, अशी ती रीत. स्वतःचा हिशेब मुनीमजींनी स्वतःच केला. शेवटच्या वर्षाचे पाच महिने व काही दिवस भरत होते. मालक म्हणाले, चाळीस वर्षांच्या माणसाशी मी पंधरवड्याचा हिशेब करीत नाही, वर्ष पूर्ण धरा. मुनीमजींनी धरले नाही. मालकांनी आग्रह केला, आवाज चढविला. अखेर असे ठरले, की तेवढी रक्कम मालकांनी द्यावी, मुनीमजींनी घ्यावी, परंतु वहीत ती उपदान म्हणून न लिहिता बक्षीस म्हणून लिहावी. त्यांची त्या वहीतील शेवटची नोंद हीच होय. मालक मला म्हणाले की, सही करताना त्यांस डोळे पुसावे लागले. मुनीमजी म्हणतात की, कोंडा उडाला होता.

खाजगी पेढीत आयुष्य घालविलेल्या माणसास म्हातारपणी मिळणारे निवृत्तिवेतन किती तुटपुंजे असते, हे येथे बसलेल्या पुष्कळांस अनुभवाने ठाऊक आहे. त्यावर मी आज बोलत नाही, पण मंडळाच्या पुढील सभेत बोलणार आहे. धर्मग्रामाची वही मात्र त्यांनी आणखी काही वर्षे आपल्याकडे ठेवण्याचे कबूल केले आहे. मी त्यांस मोबदला घेण्याविषयी विचारले. ते कोणत्या खात्यातून देणार, असे त्यांनी मलाच विचारले, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आता तरुण मंडळाच्या वतीने त्यांस शाल व श्रीफळ देण्यात येईल, व त्यानंतर सर्वांनी चहाफराळासाठी थांबावे. एक सूचना राहिली. फराळाचे सामान ज्यांनी आणले त्यांनी पावती मुनीमजींकडे अद्याप दिलेली नाही, असे त्यांनी मघाशी खांबाआडून मला खुणेने कळविले आहे. ती कोणाच्या खिशात असेल त्याने कृपा करून मागल्या रांगेत पोहोचवावी.